ठोकलेल्या पिकअपमधून माळरानाची गाडी : सोलापुरातलं कमी खर्चातलं काम

सीनाकाठ

डाव्या कोपऱ्यावर ठोकलेली स्कॉर्पिओ गेटअवे पिकअप घेतली आहे. डबल केबिन, फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद), २.२ एमहॉक इंजिन. ऊस हंगामात रात्री मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी ट्रॉली रस्त्यावर उभी होती, तिच्या कोपऱ्यात गेली. बंपर, रेडिएटर, डावा फेंडर, डावा हेडलाइट गेलेले. डावा लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) वाकलेला. चेसिसचं डावं टोक आत आणि थोडं मागं दबलेलं. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) शाबूत. हौद्याला जुने पोचे आहेत, त्यांचं मला काही नाही.

गाडी साधारण सव्वादोन लाखाला पडली. पुढचं सगळं काम दीड लाखात बसवायचं आहे. वापर असा : करमाळ्याकडं मामांची जमीन आहे, निम्मी काळी, निम्मी मुरमाड माळ, मधून दोन ओढे. तिथं पावसाळ्यातही जाता आलं पाहिजे. आणि सुट्टीच्या दिवशी परवानगी असेल त्या माळावर, ओढ्यातून, घळीतून गाडी काढायचा नाद आहे, तो पुरा करायचा आहे.

आधीच सांगतो, हा उंच गाडीचा धागा नाही. इंटरनेटवर अशा गाड्यांची कामं बघितली की पहिला पैसा लिफ्ट किटला, दुसरा दिव्यांना, तिसरा बंपरला. ठोकलेल्या गाडीत हा क्रम घातक आहे असं माझं ठाम मत आहे. पैसा आधी चेसिसला, कागदांना आणि ब्रेकला. मग टायर. मग अडकल्यावर बाहेर काढायचं सामान. उंची सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात, उरले तर.

गेटअवे निवडायचं कारण : केबिनच्या पुढचा भाग स्कॉर्पिओचाच. बॉनेट, फेंडर, हेडलाइट, रेडिएटरची चौकट, पुढचे आर्म, सगळं जुन्या बाजारात मिळतं. हौद्याचे आणि मागच्या काचेचे भाग मात्र लवकर मिळत नाहीत, म्हणून मागून ठोकलेली गेटअवे मी घेतली नसती.

बार्शीचा_पाहुणा

अभिनंदन! पण कागद? टोटल लॉसची गाडी नाही ना?

सीनाकाठ

नाही. पैसे देण्याआधी तेच बघितलं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉसमध्ये धरते. तेवढ्यानं गाडी आपोआप बाद होत नाही, पण अशा गाडीची नोंदणी रद्द झालेली असू शकते, आणि ती रद्द असेल तर आपण विकत घेतो ते भंगार. एम-परिवहन या सरकारी ॲपवर आरसीचं स्टेटस, विमा, कर्जाचा बोजा, सगळं तपासलं. बोजा होता, बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्यावरच व्यवहार केला. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी. गाडी एमएच-१३ च आहे, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्याच्या एनओसीची भानगड नव्हती.

अजून एक. चेसिस नंबर जिथं कोरलेला असतो तिथं हाताने माती पुसून नंबर वाचा. त्या जागेवर मार असेल, ग्राइंडर फिरलेला असेल किंवा ताजा रंग असेल तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

कोर्टाची_पायरी

चांगला धागा. कायद्याचं आत्ताच बोलून घेऊ, म्हणजे नंतर कुणाचा खर्च वाया जाणार नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आणि आरसीवरच्या नोंदीशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ(४) नुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवा.

पुढचे लोखंडी गार्ड : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं आहे की असे क्रॅश गार्ड कलम ५२ चं उल्लंघन धरावं. पायी चालणाऱ्याला त्यानं जास्त मार लागतो, शिवाय एअरबॅग असलेल्या गाडीत एअरबॅगच्या कामातही अडथळा येतो.

रंग : पूर्ण रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते. आणि बऱ्याच जणांना हौस असते तो ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार खासगी गाडीला चालत नाही.

दुरुस्ती म्हणजे बदल नव्हे. वाकलेलं सरळ करणं, तुटलेलं त्याच जातीच्या भागानं बदलणं यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. तुमचा क्रम मला म्हणूनच आवडला. दुरुस्तीत जितका पैसा जाईल तितकी गाडी कायद्याच्या आत राहील.

जुळे_सोलापूर

वकीलसाहेब, मग बोलेरो कॅम्पर किंवा पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर?

कोर्टाची_पायरी

मग पिवळी पाटी, फिटनेस आणि विमाही मालवाहू गाडीचा. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. ठोकलेली मालवाहू गाडी घेताना फिटनेसची तारीख आधी बघा, कारण संपलेल्या फिटनेसवर गाडी रस्त्यावर काढता येत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा वाद उभा राहतो. हौद्यात माणसं बसवून ट्रिपला जाणं तर कोणत्याच नोंदणीत बसत नाही.

लेथवाला_अक्कलकोट_रोड

ओ सीनाकाठ दादा, चेसिस वाकलंय म्हणताय, पण किती वाकलंय ते मोजलं का? डोळ्याला दिसतंय त्यावर जाऊ नका. टोक दबलेलं दिसतं, पण मार मागं कुठवर गेलाय ते मापच सांगतंय. एमआयडीसीत आमच्याकडं अशा गाड्या लई येतात. पुढं टोक सरळ करून देतात, रंग मारतात, अन् गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी पळती. मग टायर खाती, मग गिऱ्हाईक अलाइनमेंटवाल्याशी भांडतंय. त्याची काय चूक त्यात?

ओळंबा घ्या. गवंड्याकडचा. बाकी काय मशीन लागत नाही.

सीनाकाठ

काका, तुमच्याच पद्धतीनं केलं. सविस्तर लिहितो, कारण या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

गाडी सपाट कोब्यावर चार स्टँडवर घेतली. चाकं काढली. चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर कंपनीनं पाडलेली भोकं असतात, डावीकडं जिथं तिथंच उजवीकडं. अशा समोरासमोरच्या जोड्या निवडल्या : एक अगदी पुढं, एक लोअर आर्मच्या मागं, एक केबिनच्या मधोमध, एक मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या कानाजवळ. प्रत्येक भोकाच्या मध्यातून ओळंबा सोडला. ओळंब्याचं टोक झुलायचं थांबेपर्यंत थांबायचं, मग बरोबर त्याखाली कोब्यावर खडूनं बारीक फुली. सगळ्या फुल्या झाल्यावर गाडी खाली घेऊन ढकलून बाजूला. आता समोर जमिनीवर चेसिसचा नकाशा असतो. मग पट्टी घेऊन तिरकी मापं : डावी पुढची ते उजवी मागची, आणि उजवी पुढची ते डावी मागची. चौकोन सरळ असेल तर दोन्ही कर्ण सारखे.

मागचे दोन्ही चौकोन दोन-तीन मिलिमीटरच्या फरकात. म्हणजे केबिनखालचं आणि हौद्याखालचं चेसिस जागेवर आहे. पुढच्या चौकोनात फरक निघाला १४ मिलिमीटर. मार लोअर आर्मच्या कंसाच्या पुढंच थांबलाय, मागं गेलेला नाही. हे कळल्यावरच उरलेला पैसा खर्च करायचं नक्की केलं. मागच्या चौकोनात इतका फरक निघाला असता तर गाडी सुट्या भागांत विकली असती.

ओढायचं काम चेन आणि हायड्रॉलिक जॅकवर, थंडच केलं. तापवून ओढणं सोपं असतं, पण तापवलेल्या जागी चेसिसचं पोलाद मऊ पडतं आणि पुढच्या खड्ड्यात तिथंच वाकतं. लोखंड सोडलं की थोडं परत येतं, म्हणून हवं त्यापेक्षा किंचित जास्त ओढून सोडायचं, परत ओळंबा, परत फुल्या. शेवटी फरक ४ मिलिमीटरवर आला, तिथं थांबलो.

मग तडे. वायरब्रशनं घासून, रॉकेल लावून, दहा मिनिटांनी कोरडं पुसून वर खडूची पूड चोळली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत हळूहळू वर येतं आणि केसासारखी काळपट रेघ उमटते. बंपरच्या कंसाच्या वरच्या कोपऱ्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी एक रेघ दिसली.

लेथवाला_अक्कलकोट_रोड

झ्याक काम. आता त्या रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, म्हंजे तडा पुढं पळणार नाही. मग व्ही करून वेल्ड भरा. वरून प्लेट लावणार असाल तर चौकोनी लावू नका, हिऱ्याच्या आकाराची कापा. चौकोनी प्लेटची उभी वेल्ड चेसिसच्या आडवी जाती अन् बरोबर त्या रेषेवर पुढं चेसिस तुटतं. वरच्या-खालच्या काठावर वेल्ड नेऊच नका. रॉड ७०१८ चा, अन् सुका. पावसाळ्यात उघड्यावर पडलेला रॉड नको, भट्टीत वाळवून घ्या.

बॅटरीची वायर काढा, ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कपलर काढा, अन् अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळ लावा. बंपरला वेल्ड अन् चिमटा मागच्या ॲक्सलला असं पोरं करतात, मग करंट बेअरिंगमधून जातो.

तुळजापूर_नाका

ओळंब्याची युक्ती वहीत लिहून घेतली. बोलेरो पिकअपला पण चालेल ना?

लेथवाला_अक्कलकोट_रोड

चेसिस असलेल्या कुठल्या बी गाडीला चालती.

मंगळवेढ्याची_काळी

टायरचं काय ठरलं? एमटी (मड-टेरेन, खोल नक्षीचे चिखलाचे टायर) घेऊ नका एवढं सांगायला आलोय.

आमच्याकडची जमीन तुम्हाला माहीत आहे, ज्वारीचं कोठार म्हणतात ते या काळ्या मातीमुळंच. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात फाटते. उन्हाळ्यातल्या भेगांत हात जातो. पाऊस झाला की तीच माती चाकाला अशी धरते की दोन फेऱ्यांत टायरची नक्षी बुजते. मग एमटी काय, एटी (ऑल-टेरेन) काय, चाक गुळगुळीत गोळा होतं. एमटीची नक्षी माती फेकते हे खरं, पण त्यासाठी चाक जोरात फिरावं लागतं, आणि जोरात फिरवलं की गाडी जाग्यावर खड्डा करून डिफरन्शिअलवर (ॲक्सलच्या मधल्या भोपळ्यावर) बसते.

माती फेंडरच्या आत साठते, पाट्यावर साठते, आणि शेवटी चाकच जाम होतं. ट्रॅक्टरवाल्याला विचारा, तोही वापसा आल्याशिवाय रानात जात नाही. आपण का जावं? पाऊस पडून गेल्यावर रान तुडवलं की चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात, पुढं सगळा हंगाम पाणंदीतून बैलगाडी न्यायची मुश्कील होते. गाडीचं नुकसान एकवेळ परवडतं, पाणंदीचं नाही.

सीनाकाठ

काका, पूर्ण पटलं. एटीच घेतले. आधीच्या मालकानं २३५/७० आर१६ टाकले होते, मी २४५/७५ आर१६ घेतले, मॅन्युअलमधल्या मापापलीकडं गेलो नाही. हिशेब मांडतो, कारण लिफ्टबद्दलचे बरेच गैरसमज इथंच सुटतात. जुन्या टायरचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर, नव्याचा ७७४. फरक ३९, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम २ सेंटिमीटर. मात्र ही दोन सेंटिमीटर डिफरन्शिअलच्या खाली मिळतात. मागं अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत पाटे, शॅकल, ब्लॉक काहीही घाला, बॉडी वर जाते, डिफरन्शिअलचं भोपळं तिथंच राहतं. दगडाला तेच लागतं.

स्पीडोमीटर आता जुन्या टायरच्या तुलनेत साधारण पाच टक्के कमी दाखवतो. जुन्या टायरवर गाडी खरी ६० नं चालताना काटा जिथं असायचा, तिथंच आता गाडी ६३ नं चाललेली असते.

बार्शीचा_पाहुणा

आणि हवा किती ठेवता? सगळीकडं १८ पीएसआय लिहिलेलं असतं.

सीनाकाठ

आपल्याकडं १८ डोळे झाकून ठेवू नका. वाळूत, मऊ मातीत हवा कमी केली की टायर पसरतो, पकड वाढते, हे बरोबर. पण पसरलेल्या टायरची बाजूची भिंत बाहेर फुगते, आणि आपल्या प्रत्येक ओढ्याच्या काठाला वेडी बाभूळ आहे. तिचा वाळलेला काटा नक्षीत घुसला तर पट्टी घालून काम भागतं. बाजूच्या भिंतीत घुसला तर टायर गेला. त्यामुळं मुरमाड माळावर २४-२६, बाभळीच्या कडेनं २८ च्या खाली नाही, आणि काटे नसलेल्या वाळूच्या ओढ्यात २०. पट्टीचं किट आणि हवेचा पंप गाडीत कायम. डांबरीवर यायच्या आधी हवा भरायचीच, कमी हवेवर वेगानं गेलं की टायर आतून तापतो.

गवताळ

दादा, एक विनंती. 'परवानगी असेल त्या माळावर' असं तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं, तरी इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. नान्नजकडं गाडी घेऊन माळात उतरायचा विचारसुद्धा करू नका. माळढोक अभयारण्य १९७९ सालापासून आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार विनापरवाना आत जाणं हाच गुन्हा आहे. अभयारण्याच्या बाहेरही जे माळ ओसाड दिसतात ते ओसाड नसतात. धाविक, चंडोल, टिटवी, सगळे जमिनीवरच अंडी घालतात, उघड्यावर, खड्यांच्या रंगाची. गाडीतून ती दिसत नाहीत. काळवीट आणि लांडगे याच गवतावर जगतात. एकदा चाकोरी पडली की पुढची गाडी तिच्यातूनच जाते आणि पावसात तिची घळ होते.

मार्च ते पावसाळा संपेपर्यंत गवताळ माळ पूर्ण सोडा. जायचंच तर आधीची बैलवाट, पाणंद, ओढ्याचं कोरडं पात्र.

सीनाकाठ

ताई, मनापासून आभार. मामांच्या माळावरसुद्धा जुन्या वाटेबाहेर चाक घालायचं नाही असं ठरवलंय. धागा वाचणाऱ्या प्रत्येकानं हा प्रतिसाद वाचावा.

आता कामाची पुढची खबर. पुढचे दोन्ही लोअर आर्म बदलले, फक्त डावा नाही. बॉल जॉइंट, बुश, टाय-रॉडची टोकं नवी. लोअर आर्म आणि बॉल जॉइंट जुन्या बाजारातून घेऊ नका, फेंडर घ्या, बॉनेट घ्या, पण ज्यावर चाक लटकतं ते नवंच.

पुढं टॉर्शन बार आहेत. त्यांचे बोल्ट आवळून पुढची बाजू वर येते, खर्च शून्य, म्हणून सगळे आवळतात. पण त्यानं बार कडक होत नाही, फक्त आर्मची बसायची जागा बदलते. वर जितकं घ्याल तितकी चाकाची खाली जायची जागा कमी होते, आणि एक्सलच्या जोडाचा कोन वाढून रबरी बूट फाटतात. मी ३० मिलिमीटरवर थांबलो. मोजताना फेंडरच्या कडेवरून मोजलं नाही, तो भाग ठोकून बसवलेला असतो. आर्मच्या आतल्या बोल्टपासून जमिनीपर्यंत दोन्हीकडं मोजलं. त्यानंतर अलाइनमेंट.

मागं एक पाटा कमी केला. रिकामी पिकअप मागून उडते कारण पाटे टनाच्या हिशेबानं बसवलेले असतात. मला हौद्यात जास्तीत जास्त स्टेपनी, पाण्याचे कॅन आणि अवजारं न्यायची. बसलेले पाटे नुसते थंड ठोकून वाकवून आणले तर महिन्यात परत बसतात, पाणी देणाऱ्या (तापवून कडक करणाऱ्या) कारागिराकडूनच करून घ्या. यू-बोल्ट मात्र नवे. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत लावायचा नाही.

आणि एक गोष्ट, जी गॅरेजमध्ये कुणी आपणहून सांगत नाही. मागच्या ॲक्सलवरून चेसिसवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हकडं एक कांडी जाते. माल भरला, चेसिस खाली बसलं, की ती कांडी सांगते मागच्या चाकांना जास्त ब्रेक दे. मागची बाजू उचलली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी कायमची रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक कमी पडतो. गाडीची उंची बदलली, पाटे बदलले, की ही कांडी नव्यानं जुळवायची. घाटात उतरताना याचा अर्थ कळतो.

जुळे_सोलापूर

कांडीचं पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या पिकअपला मागचे पाटे वाढवलेत, आजच गॅरेजला सांगतो.

हुरडा_आणि_शेंगाचटणी

गरम होत नाही का? आपल्या उन्हाळ्यात ४२-४३ ला लो गिअरमध्ये गाडी रेंगाळत चालवायची म्हणजे रेडिएटरची परीक्षा.

सीनाकाठ

होते. आठ-दहाच्या वेगात समोरून वारा मिळत नाही, सगळा भार पंख्यावर. रेडिएटर नवा घातला, जुना झाळून घेतला नाही. पंख्याचा व्हिस्कस क्लच तपासला : इंजिन गरम असताना बंद केलं की हातानं फिरवल्यावर पंखा जड लागला पाहिजे, भिरभिर फिरला तर क्लच गेला. आणि रेडिएटरच्या पुढं बारीक जाळी. माळावरच्या गवताची कुसळं कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये अशी भरतात की बाहेरून काहीच दिसत नाही, आत मात्र गादी झालेली असते. प्रत्येक फेरीनंतर आतून बाहेर या दिशेनं पाणी मारायचं, हळू दाबानं.

बार्शीचा_पाहुणा

पाण्यातून किती खोल नेता येईल? स्नॉर्कल (इंजिनच्या हवेचं तोंड छपरापर्यंत नेणारी नळी) लावणार का?

सीनाकाठ

नाही लावणार. हवा घ्यायच्या तोंडात पाणी गेलं तर पिस्टनवर पाणी येतं, पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनचा दाब जास्त, त्यामुळं तिथं हे नुकसान हमखास. माझी मर्यादा चाकाच्या मध्यापर्यंत, तीही पाणी वाहतं नसेल तर.

त्याऐवजी ब्रीदर वर नेले. ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केसला वाफ जायला छोटी नळी असते. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते, ऑइलचा चहा होतो. साधी डिझेलची रबरी नळी जोडून तिन्हींची तोंडं बॉनेटखाली उंच नेली. दोनशे रुपयांचं काम, हजारोंचे बेअरिंग वाचतात.

ऑक्टोबर २०२० चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना वाहत्या पाण्याबद्दल सांगायची गरज नाही. गेल्या वर्षा-दोन वर्षांतल्या पुरात बुडालेल्या गाड्याही बाजारात येतात, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून तळाशी गाळाची रेघ दिसते का बघा. तशी गाडी ठोकलेल्या गाडीपेक्षा वाईट, कारण वायरिंग वर्षभरानंही दगा देतं.

मंगळवेढ्याची_काळी

अडकल्यावर काढायचं काय ठरलं? विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र)?

सीनाकाठ

विंच नाही, बजेटात बसत नाही, आणि आपल्याकडं माळावर विंच अडकवायला झाड मिळत नाही. फावडं, दोन जाड फळ्या, जॅकखाली ठेवायला लाकडी पाट, ताणणारा दोर आणि तो अडकवायला ४.७५ टनाच्या दोन शॅकल (लोखंडी कड्या). पुढं-मागं दोन्हीकडं चेसिसला १०.९ ग्रेडच्या बोल्टनी बसवलेले हुक, बंपरला नाही.

आपल्याकडं गाडी अडकली की ट्रॅक्टर येतो, साखळी येते, आणि हिसका दिला जातो. साखळी तुटली की तुकडा काच फोडून आत येतो. ट्रॅक्टरवाल्या दादांना हात जोडून सांगायचं : हिसका नको, ताण घ्या, मग हळू. दोरावर मधोमध जड गोणपाट टाकायचं, बाकी सगळे दोराच्या लांबीपेक्षा लांब उभे. आणि आधी चाकापुढची माती काढायची. अर्धा तास फावडं मारलं की बहुतेक वेळा ट्रॅक्टर लागतच नाही.

तुळजापूर_नाका

एकूण खर्च सांगा की दादा.

सीनाकाठ

ढोबळ सांगतो. टायरला सगळ्यात जास्त, पन्नास हजारांच्या आसपास. आर्म, बॉल जॉइंट, बुश, शॉकअब्सॉर्बर, पाटे, यू-बोल्ट मिळून पस्तीस. चेसिस ओढणं आणि वेल्डिंग पंधराच्या आत. रेडिएटर, पुढची चौकट, जुना फेंडर, हेडलाइट मिळून वीस-बावीस. ब्रेकचे पॅड, पाइप, सिलिंडर, सगळी ऑइलं मिळून पंधरा. दोर, शॅकल, पंप वगैरे दहा. दीड लाखाच्या आत राहिलं, कारण रंगावर काहीच घातलं नाही. फेंडरला प्राइमर आहे, तो तसाच राहील. दिवे कंपनीचेच.

फोर-व्हीलची मोटर जाम होती, आधीच्या मालकानं कधी वापरलीच नव्हती. खोलून, साफ करून, ग्रीस लावून चालू झाली. ज्यांच्याकडं फोर-व्हील आहे त्यांनी महिन्यातून एकदा कच्च्यावर दोन-चार किलोमीटर ती लावून चालवा. कोरड्या डांबरीवर नको, पुढच्या-मागच्या चाकांच्या फरकाचा ताण कुठंच निघत नाही आणि ट्रान्सफर केसवर येतो.

काल मामांच्या ओढ्यातून गेली. चढावर लो मध्ये पहिला गिअर, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, नुसत्या इंजिनवर वर आली. उजवं मागचं चाक हवेत असताना डावं फिरायचं थांबलं, तेव्हा ब्रेकवर हलका पाय ठेवून फिरणाऱ्या चाकाला थोडं अडवलं की ताकद दुसरीकडं गेली. डिफ लॉकचे (दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या कुलपाचे) पैसे अजून तरी घालत नाही.

लेथवाला_अक्कलकोट_रोड

यू-बोल्ट परत आवळले का?

सीनाकाठ

ओढ्यातून आल्यावर आवळले काका, सगळे नट थोडे फिरले. पाचशे किलोमीटरला परत बघणार आहे, आणि त्याच वेळी प्लेटची वेल्डसुद्धा रॉकेल-खडू लावून तपासणार.

लेथवाला_अक्कलकोट_रोड

पाचशे नको, तीनशेला बघा. खोलून लावलेला पाटा बसायला वेळ घेतो. शनिवारी दुपारी घेऊन या, खड्डा मोकळा आहे, खालून सगळंच बघू.